दोन लाल, मध्ये एक हिरवा

माझी धाकटी जाऊ एखादं शहर कसं बघायचं ते लोकांना लिहून सांगते, आणि लोक ते वाचून खरंच त्या गल्लीत जाऊन उभे राहतात, हे मला कळलं तेव्हा मी लूमच्या धोट्यात लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरत होते. कांड्या भरणारी बाई आली नव्हती, म्हणून लूमची मालकीण मी, स्वतःच मशीनवर. केसांत सुताची कस्पटं, नाकात कस्पटं, आणि फोनवर जावेचा फोटो आलेला. डोळ्यांना काळा चष्मा, मागे वाळूच्या टेकड्या. खोटं कशाला बोलू, माझ्या पोटात दुखलं. ओवा खाऊन जाईल असलं ते दुखणं नव्हतं.

आमचे आठ लूम आहेत. भिवंडीत कामतघरला एका लांबड्या शेडमध्ये, विजेवर चालणारे, सासऱ्यांनी घातलेले. सूत व्यापारी देतो, आम्ही विणून द्यायचं, तो घेऊन जातो. पुढे त्याची चादर होते की कफन, आपल्याला कोण सांगतंय. सासरे मात्र एक गोष्ट लावून गेले. इथे कितीतरी जणांचं कोरं कापड एकाच ठिकाणी धुवायला जातं. तिथे ह्याचं त्याच्यात मिसळू नये म्हणून जो तो मालक आपल्या कापडाच्या किनारीत आपल्या रंगाचे धागे टाकतो. आमची खूण म्हणजे दोन लाल आणि मध्ये एक हिरवा. सासरे म्हणायचे, कापडावर आपलं नाव कुणी लिहीत नाही, पण ओळखणाऱ्याला ओळखता आलं पाहिजे. त्यामुळे ह्या घरात आलेल्या माणसाला एक खोड लागतेच. कुठेही गेलं की कापड उलटून किनार बघायची. लग्नाच्या मांडवात, दवाखान्यात, बँकेच्या पडद्याचीसुद्धा. माझी मुलगी म्हणते, आई, लोक बघतायत. मी म्हणते, बघू देत.

धाकटी लग्न होऊन आली तेव्हा दीड वर्ष आमच्यातच होती. मुंबईला डिझाइन शिकलेली. ती लूमचे फोटो काढायची, तेलाने काळ्या झालेल्या भिंतीचे काढायची, कारीगर लोकांच्या डब्यांचे काढायची. किनार काही कधी उलटून बघितली नाही. हिला कापडातलं काय कळतंय, असं मी तेव्हाच ह्यांना म्हटलं होतं. मग भाऊजींना राजस्थानात नोकरी लागली, दोघं तिकडे गेली आणि हिला पंख फुटले. इथे ओट्याजवळ उभी राहायला कंटाळायची, तिथे पाहुण्यांना शहर दाखवायला लागली. तेही साधे पाहुणे नाहीत. ज्यांना घरांची, दारांची, रंगांची, कापडाची आवड, असे. गावी कुणाचंही लग्न असलं की बायका मला विचारायच्या, तुमची धाकटी नाही का आली? मी सकाळपासून तांदूळ निवडत बसलेली असायचे, पण मला कोण विचारतंय.

मागच्या वर्षी भाऊजींची नोकरी गेली. त्याच सुमारास एका वाळवंटातल्या रिसॉर्टच्या मालकीणबाईंनी धाकटीला सांगितलं, आमच्या पाहुण्यांसाठी शहराची आणि रिसॉर्टची एक पुस्तिका लिहून दे. ती पसंत पडली तर तुला कायमचीच ठेवून घेऊ. दोन मुलं तिथल्या शाळेत, घरी नवरा रिकामा, म्हणजे सगळा भार त्या पुस्तिकेवर. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला कुणी अंधारात ठेवलेलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते.

ती आधी मराठीत लिहायची, मग इंग्रजी करायची. मराठी पानं मला फोनवर पाठवायची. ताई, वाचून सांगा हं, समजतंय का. मी दुपारी लूम बंद असताना वाचायचे आणि जळायचे. लिहिलं होतं, जुन्या शहरातली पायऱ्यांची विहीर उन्हं वर यायच्या आत बघा, तेव्हा पायऱ्यांच्या सावल्या मोजता येतात. लाखेच्या बांगड्या घ्यायच्या तर बाजारात घेऊ नका, मागच्या गल्लीत भट्टीपाशी बसून करतात तिथे जा, आणि आधी नुसतं बघा. मोठ्या हवेलीत तिकीट काढून शिरण्यापेक्षा समोरच्या चहावाल्याच्या गच्चीवर जा, झरोके तिथून दिसतात. दारांच्या कड्या बघा, प्रत्येक घराची कडी वेगळी. रिसॉर्टला गेलात तर पश्चिमेची खोली मागा, पण जेवणघराच्या बाजूची नको, भांड्यांचा आवाज येतो. पायात बंद चपला घाला. वाळूवर जाताना रंगीत कपडे घाला, पांढरे घातलेत तर फोटोत तुम्ही दिसणारच नाही.

कड्या बघा म्हणे. आमच्या चाळीतल्या दारांनाही कड्या आहेत, वेगवेगळ्या आहेत, कोण आलंय बघायला? पण ती लिहायची अशी की मला, कामतघर सोडून कल्याणपलीकडे फारशी न गेलेल्या बाईला, ती कडी दिसायची. हाताला गार लागायची. वाईट लिहिलं असतं तर मी दहा वेळा कौतुक केलं असतं. चांगलं होतं म्हणून मी फक्त अंगठा पाठवायचे.

मग तिचा फोन आला, ताई, तुम्ही याच. मालकीणबाई चार पाहुण्यांना घेऊन पुस्तिकेप्रमाणे फिरून बघणार होत्या, शेवट रिसॉर्टवर. त्यात घरचं कुणीतरी असलं तर तिला धीर येईल. तुमची नजर चांगली आहे, असंही म्हणाली. मला तो टोमणा वाटला. ह्यांनी सांगितलं, जा, चार दिवस फिरून ये, कांड्यांचं मी बघतो. माहेरी पूर्ण्याला आईला विचारायला गेले. आमच्या शेतात आता गोदामं उभी आहेत, आई ओसरीवर बसून दिवसभर ट्रक मोजते. ती म्हणाली, जा गो, बघून तरी ये, आपल्याकडं काय हाय बघायला. हेही झोंबलंच. म्हणजे हिच्याकडे आहे आणि माझ्याकडे न्हाय, हे आता माझी आईसुद्धा बोलायला लागली.

शहरात सगळं तिच्या लिहिण्याप्रमाणे घडलं. एक तरी गोष्ट चुकावी म्हणून मी डोळ्यांत तेल घालून वाट बघत होते. विहिरीवर पोहोचलो तर सावल्या तशाच, एकाखाली एक. बांगड्यांच्या भट्टीपाशी एक म्हातारी तशीच बसलेली. चहावाल्याने गच्चीची किल्ली मागायच्या आधीच काढून दिली. चार पाहुणे होते, दोन परदेशातले नवराबायको आणि दोन दक्षिणेकडच्या मैत्रिणी, चौघांनाही हिंदी यायचं नाही. धाकटी इंग्रजीत बोलत होती आणि ते तिच्या तोंडाकडे बघत होते. मालकीणबाई मागून शांतपणे चालायच्या, वहीत खुणा करायच्या, मधूनच माझ्याशी हिंदीत बोलायच्या. बाई चांगल्या होत्या. तुमची जाऊ हुशार आहे, म्हणाल्या. मी हसले. हसताना माझे गाल दुखले.

धाकटीने साधी कॉटनची साडी नेसली होती. साडी नेसायला हिला मीच शिकवलं होतं, लग्नानंतर, आमच्या आतल्या खोलीत. निऱ्या अगदी माझ्यासारख्या घालते ती. त्या निऱ्यांकडे बघून मला वाटलं, हे तरी माझं आहे, पण ते ह्या लोकांना कोण सांगणार?

दुपार कलताना रिसॉर्टवर पोहोचलो. मातीच्या रंगाच्या भिंती, खिडकीबाहेर नुसती वाळू. सगळ्यांना पश्चिमेची खोली दाखवली. आत मोठा पलंग, त्यावर न रंगवलेल्या जाड सुताची चादर, तशाच कापडाचे पडदे, उशांचे अभ्रे. सूत मध्येमध्ये गाठींचं, जाड-बारीक, म्हणजे हाताने विणल्यासारखं दिसणारं. पाहुणे हात फिरवायला लागले. धाकटी पुस्तिकेतलं शेवटचं पान सांगायला लागली. ते पान मी मराठीत वाचलेलं होतं. ह्या खोलीतलं कापड जवळच्या वस्तीतल्या विणकर बायका हातमागावर विणतात, एका चादरीला किती दिवस लागतात, गाठ लागेल तिथे बोट थांबवा, ती त्या बाईच्या हाताची खूण आहे. परदेशातल्या बाईंनी खरंच बोट थांबवलं आणि डोळे मिटले.

मी पलंगाच्या कडेला बसले होते. खोड म्हणजे खोड. गादीखाली खोचलेली चादर उपसली, उलटली, किनार बघितली.

दोन लाल, मध्ये एक हिरवा.

बाई गं, काय सांगू. पहिल्यांदा आनंदच झाला, घरचं माणूस परगावी भेटावं तसा. सासरे आठवले. सात नंबरच्या लूमवर हिरवा धागा जरा ढिला बसतो, तोही इथे तसाच ढिला होता. गाठींचं सूत गेल्या वर्षी व्यापाऱ्याने दिलं होतं, मी स्वतः त्याच्या कांड्या भरल्या होत्या. हा आनंद पुरता दोन श्वाससुद्धा टिकला नसेल. त्याच्या मागून दुसरं आलं. मिळाली, म्हटलं. हिची एक चूक मिळाली.

मला गप्प बसता आलं असतं. धाकटीला बाहेर ओढून कानात सांगता आलं असतं. मालकीणबाई दारात उभ्या होत्या, आणि मला माहीत होतं हिचं काय पणाला लागलंय. तरी मी उठून उभी राहिले आणि हिंदीत, मालकीणबाईंना कळेल अशा आवाजात, चादर हातात धरून बोलले.

"ये हातमाग का नहीं है. ये हमारे लूम का कपडा है, भिवंडी का. ये देखो हमारी निशानी."

मालकीणबाईंची वही मिटली. चौघं पाहुणे माझ्याकडे बघत होते, त्यांना काही कळलेलं नव्हतं. त्यांनी धाकटीकडे बघितलं, ही काय म्हणते म्हणून.

आता हिला सावरायला पूर्ण वाव होता. मला इंग्रजी येत नाही हे तिला माहीत होतं. माझी जाऊ म्हणते चादर फार सुंदर आहे, एवढं म्हटलं असतं तरी पाहुणे हसले असते, मालकीणबाईंनी सुटकेचा श्वास टाकला असता आणि मी मूर्खासारखी मान डोलावली असती. मालकीणबाईंचे डोळे तिला तेच सांगत होते. मीही वाट बघत होते, आता ही कशी थाप मारते ते बघते.

धाकटी पलंगापाशी आली. माझ्या हातातली किनार स्वतःच्या हातात घेतली, त्या तीन धाग्यांवर बोट ठेवलं आणि बोलायला लागली. मला चार शब्द कळले. पॉवरलूम. भिवंडी. सॉरी. आणि माझ्याकडे हात करून, माय सिस्टर. जाऊ नाही म्हणाली. इंग्रजीत जावेला शब्द नसेल कदाचित, मला माहीत नाही. पण सॉरी ती दोनदा म्हणाली.

पाहुण्यांपैकी एकीने किनारीचा फोटो काढला. दुसरी मला काहीतरी चांगलं बोलली असावी, हसून. मालकीणबाई म्हणाल्या, चहा तयार आहे, आणि निघून गेल्या. चहा फार छान होता. मी अर्धा कप तसाच ठेवून दिला.

परत येताना गाडीत आम्ही दोघी मागे बसलो होतो. पुस्तिका नको, असं मालकीणबाईंनी तिला निघताना सांगितलं होतं. ओरडल्या नाहीत. कापड आपल्यालाही हातमागाचं म्हणूनच विकलं गेलं, असं म्हणाल्या, आणि ते खरंही असेल. पण पाहुण्यांसमोर झालं ते झालं. मी म्हटलं, खरं तेच बोलले मी. म्हटलं आणि मलाच ते ऐकवेना.

ती म्हणाली, "हो ताई, खरंच बोललात. चूक माझीच. दीड वर्ष त्या घरात राहिले आणि किनार बघायला शिकले नाही." मग माझ्याकडे वळली. "पण मला एकटीला सांगितलं असतंत तर मी स्वतः जाऊन त्यांना सांगितलं असतं. तेवढं तरी माझ्याकडे राहिलं असतं."

लोक म्हणतात खरं बोलायला धीर लागतो. मला नव्हता लागला, जळणाऱ्या माणसाला खरं बोलणं सोपं जातं. धीर तिला लागला.

घरी आले ती सरळ लूमवर गेले. ह्यांना काही सांगितलं नाही, पण रिसॉर्टवाल्यांनी कापड विकणाऱ्याला जाब विचारलाच असणार, आणि भिवंडीत गोष्ट लपते कुठे? पंधरा दिवसांत व्यापारी आला. काल्हेरला त्याचं गोदाम आहे, तिथून एरवी माणूस पाठवतो, ह्या वेळी स्वतः आला. खुर्चीवर बसला, पाणी प्यायला आणि गोडीत म्हणाला, भाभी, तिकडे काय बोलून आलात? मग त्याने सांगितलं, सूत देईन, काम देईन, मागच्यापेक्षा जास्त देईन. फक्त इथून पुढे किनार कोरी पाहिजे. रंगाचा एक धागासुद्धा नको.

हे माझ्याकडे बघत राहिले. नाही म्हणावं असं आठ लूम असलेल्या माणसाकडे काय असतं. कारीगरांची घरं आहेत, आमचं आहे. मी हो म्हटलं. ताण्याचा पुढचा बीम भरायला घेतला तेव्हा लाल आणि हिरव्या सुताचे कोन, म्हणजे रिळं, मीच काढून फळीवर वर ठेवले. कारीगराने विचारलं, भाभी, निशानी नहीं डालनी? मी सांगितलं, नको. सासऱ्यांनी इतकी वर्षं न चुकता टाकलेले तीन धागे, आणि ते काढायला मला चहा उकळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

धाकटी काही बसून राहिली नाही. तिने ती पुस्तिका स्वतःच छापली, रिसॉर्टचं पान काढून. आता दोन-दोन पाहुण्यांना घेऊन शहर दाखवते, भाऊजी गाडी चालवतात. कायमची नोकरी गेली ती गेलीच, मुलांची शाळा बदलली, घर लहान घेतलं. पण पुस्तिका चालली. मराठी पानं मला पुन्हा आली, ताई, वाचून सांगा. विहीर होती, कड्या होत्या, गच्ची होती. पण पहिलं पान नवीन होतं.

कुठल्याही शहरात कापड आवडलं तर आधी ते उलटा. नक्षी सगळे बघतात, तुम्ही किनार बघा. कुणी विणलं ते तिथे असतं. हे मला माझ्या ताईंनी शिकवलं.

वाचलं आणि परत तेच दुखणं. बघा ना, किनार बघायची आमच्या घराची खोड, आयुष्य त्यात गेलं माझं, आणि शहाणपण झालं हिचं. छापून आलं हिच्या नावावर. खाली माझा उल्लेख केला म्हणून काय झालं? उलट त्यानेच जास्त लागलं. भांडली असती तर बरं झालं असतं.

खाली तिने लिहिलं होतं, ताई, पहिल्या पानावर आपल्या किनारीचा फोटो हवाय, काढून पाठवा ना.

मी फोन घेऊन शेडमध्ये गेले. आठही लूमवर कापड चाललेलं, आठही किनारी पांढऱ्या. गठ्ठे बघितले, पांढऱ्या. जुना माल एक वारसुद्धा उरलेला नव्हता. घरी येऊन कपाट उपसलं. आपलंच कापड आपण कधी जपून ठेवतो का? रोज निघतं म्हणून कुणी ठेवत नाही. शेवटी स्वयंपाकघरात ओट्यावर सापडलं. भांडी उतरवायचं फडकं. हळदीचे डाग, एका कोपऱ्याला जळलेलं, आणि कडेला दोन लाल, मध्ये एक हिरवा.

फडकं दोनदा धुतलं, वाळवलं, इस्त्री केली. खिडकीत धरून फोटो काढला. पाठवला आणि त्याखाली लिहिलं, "आता एवढंच उरलंय. लूमवरचे धागे काढून टाकले. व्यापाऱ्याने सांगितलं म्हणून काढले, पण मी तिथे तोंड उघडलं म्हणून त्याने सांगितलं. तुझी काही चूक नाही."

लगेच फोन आला. ती रडत होती की काय कळेना, आवाज जड होता. म्हणाली, ताई, ते फडकं मला पाठवाल का? पाहुण्यांच्या हातात देऊन दाखवेन, आपल्या बाबांची खूण म्हणून. लोक हात लावतील, बघतील, नीट जपेन मी.

जपलं असतं तिने, त्यात शंका नाही. माझ्यापेक्षा चांगलं जपलं असतं. काचेत घातलं असतं, त्याच्यावर दोन ओळी अशा लिहिल्या असत्या की वाचणाऱ्याने डोळे मिटून बोट थांबवलं असतं.

मी म्हटलं, नाही गं, ते फाटलंय पार, पाठवण्यासारखं नाही. मग फडक्याची घडी करून लुगड्यांच्या खाली ठेवली, आणि भांडी उतरवायला ह्यांचा जुना गंजी फाडून घेतला.